बाबांच्या वहीतली रिकामी ओळ

आज थोडं बाबांबद्दल आणि पावसाबद्दल लिहितो.

आमचं बालपण खानापुरात गेलं. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून. आवारात मोकळ्या जागी पर्जन्यमापक होता, आम्ही पोरं त्याला ‘पावसाचा डबा’ म्हणायचो. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे, रजिस्टरात लिहायचे आणि रिकामी बाटली परत ठेवायची. तोच आकडा बाबा घरच्या वहीतही उतरवायचे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. पण कितीही कोसळत असू दे, साडेआठला बाबा छत्री घेऊन डब्यापाशी हजर.

मी पाचवीत होतो. आईला डॉक्टरांना दाखवायला बाबा बेळगावला गेले आणि रात्री तिथंच राहिले. जाताना म्हणाले, “उद्या साडेआठला तू मोज आणि लिहून ठेव.” मी झोपून राहिलो. उठलो तेव्हा दहा वाजून गेलेले. आदल्या दिवशी ६२ होते, म्हणून मी बेधडक ५८ लिहून टाकले. दुपारी बाबांनी येऊन डबा उघडला. बाटलीतलं पाणी तसंच!

मारलं नाही त्यांनी. माझा आकडा खोडला आणि ती ओळ रिकामी ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं मिळून मोजलं आणि शेजारी तसं स्पष्ट लिहिलं. मला एवढंच म्हणाले, “मोजलं नाहीस तर नाही मोजलं म्हण की. पावसाला काय फरक पडत नाही, पण उद्या हे वाचणारा फसतो बघ.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, “बघा, हवामान बदललं!” नात म्हणाली, “आजोबा, कशावरून?” मी ऐटीत बाबांची वही काढली. तर त्यात मी पार विसरलेले धो-धो पावसाचे कितीतरी दिवस! पुन्हा ५८ लिहिल्यासारखंच झालं की माझं.

मग दोघं बसून वाचायला लागलो. एका पुरानं हवामान बदललं असं ठरत नाही आणि एका कोरड्या वर्षानं नाही बदललं असंही ठरत नाही. साधारण तीस वर्षांची सरासरी धरतात, आणि तीही एका डब्याची नाही. जगभरची हजारो केंद्रं, जहाजं, समुद्रातले तरंगते बोये, उपग्रह असं सगळं ताडून बघतात. त्यातून निघालं की १८५०–१९०० च्या मानानं २०११–२०२० या दहा वर्षांत पृथ्वी सुमारे १.१ अंशानं तापली होती. हवा एक अंश तापली की तिच्यात जवळपास सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणून कोसळला की जोरात कोसळतो.

आणि कारण? तेही कुणीतरी रोज मोजलं म्हणूनच कळलं. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. कारखाने येण्याआधी तो २८० च्या आसपास होता, हे बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून समजलं. हा वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशा-तेलात कार्बन-१४ उरलेला नसतो. ते जाळलं की हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चा वाटा कमी होतो. शास्त्रज्ञांना हे १९५० च्या दशकातच दिसलं होतं.

नातीनं सगळं ऐकलं आणि वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “इथं का काही नाही?” मी तिला खरं काय ते सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या अशा पावसाच्या, विहिरीच्या पाण्याच्या, पेरणीच्या तारखांच्या वह्या असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. रिकाम्या ओळींसकट जपा.