उणे अकरा अंश

माझी मातृभाषा कोकणी. तीत थंडगार पाण्याला ‘शेळें उदक’ म्हणतात. जैनथला शिक्षक म्हणून आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात हा शब्द वर्गात माझ्या तोंडून निसटला, आणि सर शिळे पाणी पितात अशी वार्ता गावभर झाली. येथील थंडीशी माझा पहिला परिचय असा झाला. दुसरा गेल्या डिसेंबरात झाला. त्यात मात्र हसण्यासारखे फारसे नव्हते.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पैनगंगेकाठच्या खेड्यांतील मुलांना आपल्या गाडीतून शाळेत आणतात. गाडी डिझेलची, कर्जाने घेतलेली. एके सकाळी ते दाराशी उभे राहिले. गाडीत पिवळा दिवा लागला होता आणि ३०० किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही, अशी इंग्रजी सूचना उमटली होती. एका दुरुस्ती केंद्राने टाकीसह सारा संच बदलण्यास सांगितले होते. त्याची किंमत कर्जाच्या चार हप्त्यांएवढी होती.

“सर, तुम्हाले इंग्रजी येते. पुस्तकात काय लिहिलं हाय, पाहा ना. गाडी बंद पडली तं पोरं शाळेत येतीन कशे?”

मी कलाशाखेचा पदवीधर. जैनथच्या शिलालेखातील परमार जगद्देवाविषयी मी तासभर बोलेन. पण यंत्राची पुस्तिका हाती धरण्याचा योग कधी आला नव्हता. तरी वाचू लागलो, आणि वाचता वाचता रमलो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि पुष्कळ डिझेल गाड्यांत आणखी एक लहानशी टाकी आली. तीत ‘डीईएफ’ नावाचे द्रावण असते : साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी अतिशय शुद्ध पाणी. तापलेल्या धुरात त्याचा फवारा उडाला की युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि तो धुरातील नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचे साधा नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत रूपांतर करतो. शेतात पिकाला घालतो तोच युरिया येथे धूर धुतो, याचे मला मोठे नवल वाटले. हे द्रावण उणे ११ अंशांना गोठते. म्हणून टाकीत विजेचा हीटर बसवलेला असतो. गाडीची तक्रार त्या हीटरविषयीच होती.

मला हसू आले. आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे, एखाद्या हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. पण उणे अकरा! ही सोय द्रासच्या बर्फासाठी. जैनथच्या कापसाच्या शेतांत तिचे काय काम? मी ऐटीने म्हणालो, “भाऊ, ज्याची गरजच नाही त्याचा फ्यूज काढून टाका.”

त्यांनी माझा शब्द मानला. दुसऱ्या दिवशी दिवा तसाच होता आणि आकडा २३० वर आला होता. पुस्तिकेचे पुढचे पान मी वाचलेच नव्हते! बाहेर कितीही ऊन असो, हीटरच्या तारेतून वीज वाहू शकते की नाही, हे गाडीचा संगणक तपासतो. न वाहिल्यास दोष नोंदवतो. मी तो दोष दूर न करता पक्का केला होता.

अखेर आदिलाबादहून एक तेलुगू मेकॅनिक आला. त्याच्या स्कॅनरवर ‘पी २०बी९’ हा संकेत उमटला : हीटरचा विद्युत्मार्ग खंडित. फ्यूजची जागा रिकामी पाहून तो गरजला, “ये किसने निकाला?” भाऊंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “पडला असंन,” म्हणाले.

त्याने नवा फ्यूज बसवला, रिले तपासला. इतक्यात भाऊंचा मुलगा माझी बाही ओढून म्हणाला, “सर, ते मीठ...” मी त्याला गप्प केले. मेकॅनिकने रिलेच्या टोकाकडून मल्टिमीटर लावला, तर मार्ग तुटलेला. मग गाडीखाली शिरून टाकीशी असलेली जोडणी सोडवली आणि थेट हीटरवर तारा टेकवल्या, तर हीटर धडधाकट! म्हणजे टाकी बदलण्याचे कारणच नव्हते. दोष मधल्या तारेत होता. तो हाताने तार चाचपू लागला.

“सर, मीठ तेथंच हाय,” मुलगा पुन्हा म्हणाला. या खेपेस मी त्याला बोलू दिले.

त्याने सोडवलेल्या जोडणीकडे बोट दाखवले. तारेकडच्या तोंडात पांढरे खडे साचले होते आणि एक पिन हिरवी पडून गळून गेली होती. मीठ नव्हे, वाळलेला युरिया. टाकी तोच भरत असे, नरसाळ्यावाचून. सांडलेले द्रावण झिरपत तेथवर पोहोचले होते. हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मेकॅनिकला ते पुन्हा विचारावे लागले. बापाने हात उगारला नाही. नुसते त्याच्याकडे पाहत राहिले.

युरिया पाण्यात सहज विरघळतो. कोमट पाण्याने जोडणी धुऊन सुकवली, नवी पिन घातली, स्कॅनरवरचा संकेत पुसला. इंजिन सुरू झाले, दिवा विझला. आकडा तेव्हा १८० वर होता. सारा खर्च एका हप्त्याच्या पावपटीतही बसला.

पुढच्या सोमवारी तो मुलगा वर्गात उशिरा आला. दप्तरातून प्लास्टिकच्या नव्या नरसाळ्याची नळी डोकावत होती. मी उशिराचे कारण विचारले नाही.