छताखाली शिरताना

सह्याद्रीत शिकलेल्या आम्हा प्रस्तरारोहकांना चढण्याजोगं छत, म्हणजे डोक्यावर आडवा पसरलेला कातळ, क्वचितच मिळतं. ओव्हरहँगखालचा आपला बसाल्ट बहुधा कुजका. धरलेला होल्डच हातात येतो. त्यामुळे हंपीला गेलं की तुंगभद्रेच्या आनेगुंदीकडच्या काठावर आम्ही हावऱ्यासारखे छतं शोधत सुटतो. ख्रिस शर्माच्या २००३ च्या 'पिलग्रिमेज' या फिल्ममुळे इथला ग्रॅनाइट जगभरच्या बोल्डरिंगवाल्यांना माहीत झाला. गावाजवळचे दगड आता खडूने पांढरे झालेत. नवं काही हवं असेल तर भातशेती मागे टाकून टेकड्यांत घुसावं लागतं.

हेरायला मावळतीची वेळ उत्तम. भर दुपारी कातळ सपाट दिसतो. ऊन कललं की बारीक धारेचीही सावली पडते. अशाच एका संध्याकाळी दोन धोंड्यांवर टेकलेली एक अवाढव्य शिळा सापडली. खाली उताणा पडून मी छत बोटांनी वाजवत गेलो. हा ग्रॅनाइट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. आवाज पोकळ आला की तो होल्ड सोडायचा, मग तो कितीही मोक्याचा असो. तरी उरलं ते पुरेसं होतं: एक भक्कम धार, उलट्या पंज्याने धरायची खोबण, टाच अडकवायला कंगोरा आणि कडेला धरायला काहीच नसलेला गुळगुळीत फुगवटा.

सकाळी, कातळ गार असताना भिडलो. छताला लटकताना पोट जरा ढिलं पडलं की पाय सुटतात आणि माणूस थेट पाठीवर येतो. म्हणून खाली उभ्या स्पॉटरने चढणाऱ्याच्या खांद्यांवर नि डोक्यावर नजर ठेवायची. कमर सांभाळायला खाली क्रॅशपॅडची गादी असते. छत पार झालं, पण खरी झटापट कडेवर झाली. पोट खरवडत, अजिबात न शोभणाऱ्या पद्धतीने वर पोचलो.

जवळच याहून देखणं छत होतं. तिथे टॉर्च मारला तर मागच्या भिंतीवर तांबड्या रंगात वशिंडाचे बैल. आनेगुंदीजवळ ओनके किंडीला आहेत तशीच चित्रं. जोडीदार म्हणाला, "चित्रं भिंतीवर आहेत, आपण छतावर चढू." मी नाही म्हटलं. खडूची धूळ खालीच बसते, आणि आपल्यामागून येणारे भिंतीला पाय लावणार नाहीत कशावरून? त्याला हे अजून पटलेलं नाही. बोल्डरिंगचे 'व्ही' ग्रेड जिथे रुजले, त्या टेक्ससमधल्या ह्युको टँक्सलाही नामी छतं आणि प्राचीन चित्रं शेजारी शेजारी आहेत. तिथे १९९८ पासून माणसं मोजून आत सोडतात. आपल्याकडे निदान स्वतःहून मागे फिरता येतं.

कोरडी, सावलीची कपार सगळ्यांनाच हवी असते. पुढच्या एका छतापाशी मेंढपाळाने हातवारे करून अस्वलाची विष्ठा दाखवली. नदीपलीकडे दरोजीला तर १९९४ पासून अस्वलांचं अभयारण्यच आहे. त्या छतापाशी मात्र आमच्यात वाद झाला नाही. आम्ही पॅड उचलले आणि निघालो.

जाणार असाल तर थंडीत जा. तारेचा ब्रश घरी ठेवा, नायलॉनचा पुरतो. आणि मागची भिंत टॉर्चने नीट बघितल्याशिवाय खडूची पिशवी उघडू नका.