कंपनी

आमचे घर साताऱ्यास, आजोळ सांगलीस. सांगलीत 'कंपनी आली' अशी आवई उठली की मामांच्या वाड्यात दिवाळी होई. कंपनी म्हणजे नाटकवाले! विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले ते याच गावी. साताऱ्यास मात्र जेवताना हा शब्द आमच्या तोंडून निघाला तर आजी पानावरून उठत. १८४८ साली दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य गिळले, तेही कंपनीनेच. आणि आजींच्या माहेरची पिढीजात चाकरी त्याच साली गेली.

पुढे पलटणीतली कंपनी ऐकली. आगगाडीत 'चहाला जरा कंपनी द्या' म्हणणारे गृहस्थही भेटले. अखेर आम्ही कोश उघडला, तो काय! लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह, 'पानिस' म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी, ती कंपनी! तोच 'पानिस' पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे 'पाव' होऊन उतरला. आजींना पावाचा विटाळ होई. दोन्ही शब्द एकाच पिठाचे, हे कळते तर त्यांस मुळीच नवल वाटले नसते.

आपल्याकडे त्या जागी 'मंडळी' आहे. नाटकवाले आपल्या नावापुढे 'नाटक मंडळी' असेच लावीत, आणि गृहस्थ पत्नीसही 'आमची मंडळी' म्हणत. मामा ओसरीवरून हाक देत, "मंडळी, कंपनी आली हो!" आम्ही टोप्या शोधीपर्यंत मामी चूल विझवून दारात उभ्या असत.