दुधावरची साय

बुधवारी आमच्या घरी रात्रीचा स्वयंपाक आम्ही करतो. पत्नीचे कार्यालय त्या दिवशी उशिरा सुटते, मुलगी दहावीत असल्यामुळे तिची शिकवणी सातला संपते, आणि आमची शेवटची तासिका चारला आटोपत असल्यामुळे घरी सर्वांत आधी पोहोचणारे आम्हीच. ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा खिचडी, पिठले आणि पुन्हा खिचडी असा आमचा अभ्यासक्रम होता. दुसऱ्या सत्रात मुलीने त्याविरुद्ध तक्रार नोंदवली आणि पुनर्रचित अभ्यासक्रमात पास्ता आला. तोही बाहेर मिळतो तसा बशीत रश्श्यासारखा पसरलेला नव्हे. वर चीज किसून भट्टीत भाजलेला, कडांना खरपूस झालेला आणि आत चमचा घातला की मऊ, सैल, दुधाळ. इटलीत अशा पदार्थाला 'पास्ता अल फोर्नो' म्हणजे 'भट्टीतला पास्ता' असे साधे नाव आहे. तिकडे तो बहुधा रविवारचा, सणावाराचा. आमच्याकडे तो बुधवारचा झाला.

कृती पाऊण-एक तासात होणारी आहे. चार माणसांना ३०० ग्रॅम पेने पुरतो. पाकिटावर अकरा मिनिटे लिहिलेली असली तर आठव्या मिनिटाला तो निथळावा, कारण उरलेले शिजणे भट्टीत व्हायचे असते. दुसऱ्या शेगडीवर ५० ग्रॅम लोणी वितळवून त्यात तितकाच मैदा मंद आचेवर परतायचा. कच्चा वास जावा, पण रंग बदलू नये. मग पाऊण लिटर दूध थोडे थोडे घालत, हात न थांबवता ढवळत राहायचे. डावाच्या पाठीवर थर राहू लागला की मीठ, मिरपूड, किंचित जायफळ. येथे मन घट्ट करावे लागते, कारण सॉस पातळ वाटतो आणि आणखी आटवण्याचा मोह होतो. पहिल्या बुधवारी आम्ही त्या मोहाला बळी पडलो. पास्ता भट्टीतही दूध पीत राहतो हे ठाऊक नव्हते; जे बाहेर आले त्याच्या वड्या पडल्या. आता आम्ही सॉस मुद्दाम सैल ठेवतो, त्यात पास्ता, वाफवलेले मटार आणि मक्याचे दाणे घालतो, वर चीज किसतो आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंधरा मिनिटे ठेवतो.

या पांढऱ्या सॉसचे रूढ नाव बेशामेल. चौदाव्या लुईच्या दरबारातील बेशामेय नावाच्या अधिकाऱ्यावरून ते पडले असे सांगतात. या गृहस्थांनी स्वतः कधी डाव हातात धरला असेल असे मात्र वाटत नाही. ज्याने ढवळले त्याचे नाव मागे राहत नाही, हा स्वयंपाकघराच्या इतिहासातील नित्याचा प्रकार आहे. इटालियन पाकशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध पुस्तकाचे उदाहरण घ्या. पेल्लेग्रिनो आर्तुझी हा निवृत्त व्यापारी. १८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, प्रकाशक मिळेना म्हणून त्याने फ्लॉरेन्सला स्वखर्चाने आपले पाकपुस्तक छापले. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. वाचकांची पत्रे येत गेली, भर पडत गेली, आणि संख्या ७९० वर पोहोचली. देश १८६१ मध्ये एक झाला होता, पण लोक आपापल्या बोलीत बोलत होते आणि प्रतिष्ठित स्वयंपाकाची परिभाषा फ्रेंचने भरलेली होती. अशा काळात आर्तुझीने साध्या तोस्कानी वळणाच्या इटालियनमध्ये लिहिले आणि बेशामेलला 'बाल्सामेला' म्हटले. सामाईक इटालियन भाषा घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय अभ्यासक त्याच्या पुस्तकाला देतात, ते उगीच नव्हे. पण त्या कृती करून कोणी पाहिल्या? फ्रांचेस्को रुफिल्ली हा त्याचा आचारी आणि मारिएत्ता साबातिनी ही त्याच्या घरची कामकरीण, या दोघांनी. आर्तुझीने मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क त्या दोघांच्या नावे केले. मुखपृष्ठावर मात्र नाव एकट्या आर्तुझीचे.

असो. हे सारे आम्हाला वर्गात सांगायला आवडते. घरात आमची गत निराळी आहे.

अडीच वर्षांपूर्वी वडील गेले आणि आई अमरावतीचे घर बंद करून पुण्यात आमच्याकडे आली. बुधवारी ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसते. मुलाने ओट्याशी उभे राहणे तिला पटत नव्हते, पण ते तिने बोलून दाखवले नाही. फक्त आम्ही कांदा चिरू लागलो की ती खिडकीबाहेर पाही. एकदा तिने पास्त्याचे पाकीट हातात घेतले, चष्मा लावून मागचा बारीक मजकूर आम्हाला वाचायला लावला. "ड्युरम गव्हाचा रवा," आम्ही वाचले.

"म्हणजे बन्सीचा रवा," ती म्हणाली. "मग यात नवीन काय आहे, बाप्पा?"

आम्ही कोश काढून पाहिला. ती बरोबर होती. ज्याला आपल्याकडे बन्सी म्हणतात तो ड्युरम जातीचाच कठीण, पिवळसर गहू. मग तिने एकेक नावे घेतली. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे, आणि तिच्या वऱ्हाडातले सरगुंडे. गव्हले म्हणजे चिमटीत वळलेले गव्हाच्या दाण्याएवढे कण. नखुले नखाने दाबलेले. सरगुंडे म्हणजे भिजवलेल्या पिठाची दोरी बारीक काडीवर गुंडाळून काढलेली पोकळ वेटोळी, जी वऱ्हाडात आमरसाबरोबर खातात. इटलीच्या दक्षिणेकडे बायका रव्याच्या पिठाची गोळी अंगठ्याने दाबून ओरेक्किएत्ते करतात. कालाब्रियात लोखंडी तारेवर किंवा विणायच्या सुईवर पीठ गुंडाळून फुसिल्ली काढतात. दोन्हीकडच्या बायकांची एकमेकींशी कधी गाठ पडली असेल असे नाही. कठीण गव्हाचे भिजलेले पीठ आणि माणसाची बोटे एवढे भांडवल असले की आकार तेच निघतात, इतकेच. तरीही तौलनिक साहित्याच्या माणसाला अशा वेळी गुदगुल्या होतात हे कबूल केले पाहिजे. आम्ही तिला तार, सुई, कालाब्रिया हे सगळे उत्साहाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांच्याकडेही लग्नातच करतात का?"

त्या प्रश्नापाशी आम्ही थांबलो, कारण त्यामागे काय आहे ते आम्हाला ठाऊक होते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या पुतणीचे लग्न झाले. छापील पत्रिकेत काकूंच्या, आत्यांच्या नावामागे 'सौ.' होते, आईच्या नावामागे 'श्रीमती'. (या लेखात आम्ही 'पत्नी' लिहितो आणि 'सौ.' लिहीत नाही, त्याचे कारण ती पत्रिका.) लग्नाच्या आधी थोरल्या भावाकडे मुहूर्त केला. पाच सुवासिनी पाटांवर बसल्या, पुढे हळद आली, आणि गव्हल्यांसाठी रवा आला. पाचही जणी नोकरदार. गव्हले बाजारात पाकिटात मिळतात एवढीच त्यांची माहिती. रवा कोणाच्या हाताला लागेना. तेव्हा त्यातली एक उठून आतल्या खोलीत गेली आणि आईला विचारून आली. रवा दुधात घट्ट भिजवा, ओल्या फडक्याखाली ठेवा, चिमटीला तुपाचे बोट लावा. निरोप आतून आला, त्याप्रमाणे बाहेर गव्हले झाले. त्या घरात गव्हले वळण्यात जिचा हात धरणारी दुसरी नव्हती, ती भिंतीपलीकडे पलंगावर बसून होती. तिला कोणी येऊ नको म्हटले नाही. ये असेही कोणी म्हटले नाही. आम्ही बैठकीत छायाचित्रे काढत होतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. तेव्हा आमच्या महाविद्यालयात त्यावर चर्चा झाली होती. आम्ही वीस मिनिटे बोललो होतो आणि टाळ्याही पडल्या होत्या.

आम्ही आईला बोलावले नाही. या वाक्यातल्या 'आम्ही'चा आडोसा आम्हाला सोयीचा आहे हे समजते. अनेकवचनात दोष वाटून घेता येतो. भाऊ होता, वहिनी होत्या, रीत होती. पण आतल्या खोलीचे दार आणि आमची खुर्ची यांत चार पावलांचे अंतर होते, आणि ती चार पावले ज्याने टाकली नाहीत तो एकच माणूस होता.

गेल्या जुलैतल्या एका बुधवारी असे झाले की पास्त्याचे पाकीट अर्धेच निघाले. उरलेले मुलीने रविवारी मैत्रिणींसह संपवले होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दुकानात जाण्याची आमची तयारी नव्हती. खिचडीचा डबा काढणार तोच दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बारीक रवा आहे ना घरात?"

आईने परात मागितली. दोन वाट्या रवा, चिमूटभर मीठ, कोमट पाणी. किती ते तिच्या हाताने ठरवले. पाकशास्त्रात वाटी-चमच्याचे माप आणून कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० नंतर मराठी घरांवर केवढे उपकार केले हे आम्ही जाणतो, पण कमलाबाईही या वेळी बाजूला उभ्या राहिल्या असत्या. पीठ मळून तिने वीस मिनिटे झाकून ठेवले. तेवढ्यात मुलगी भिजून आली, डोके पुसत ओट्याशी थांबली आणि आजीच्या बोटांकडे पाहत राहिली. हरभऱ्याएवढी गोळी तोडायची, पोळपाटावर ठेवायची, अंगठ्याच्या नखाने दाबून आपल्याकडे ओढायची. गोळी स्वतःभोवती वळून शिंपल्यासारखी होते. मुलीचे दहाव्या प्रयत्नाला जमले. आमचे जमले नाहीत, आईने त्यांचे पुन्हा गोळे केले आणि म्हणाली, "राहू दे रे. तू आपलं दूध ढवळ."

आम्ही दूध ढवळू लागलो. दुधावरची साय आमच्या घरी निषिद्ध वस्तू आहे. आई ती रोज काढून आठवडाभर फ्रीजमध्ये साठवते, रविवारी विरजते आणि लोणी काढून तूप कढवते. एकदा आम्ही सॉससाठी त्यातली चमचाभर घेतली तेव्हा जे ऐकावे लागले त्यानंतर विकतचे क्रीम आणू लागलो होतो. त्या दिवशी क्रीमही नव्हते. आम्ही काही बोलायच्या आत तिने मुलीला ते भांडे काढायला सांगितले. "दोन डाव घे. नीट फेट, नाहीतर तार धरते. क्रीम म्हणजे तरी काय?" नातीला आपल्या भाषेत दुधावरची साय का म्हणतात हे आम्ही कित्येकदा शिकवले आहे. तिच्यासाठी ते भांडे असे सहज उघडताना मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिले.

मुलगी साय फेटत होती. फेटता फेटता तिने विचारले, "आजी, ताईच्या लग्नात तू का नाही केलेस? तिथे तर कुणालाच येत नव्हतं."

आईच्या अंगठ्याची गती बदलली नाही. "तिथे पाच जणी होत्या की," ती म्हणाली.

हातातला डाव किती वेळ थांबला ते सांगता येणार नाही. भानावर आलो तेव्हा तळाशी गुठळ्या धरल्या होत्या. सॉस गाळणीतून गाळून घ्यावा लागला. गुठळ्या झाल्या तर हाच उपाय आहे. घोटत बसले तर त्या अधिक बारीक होतात, जात नाहीत. गाळता गाळता आम्ही म्हणालो, "आई, तेव्हा मी तुला बाहेर बोलवायला हवं होतं."

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी उकळलं बघ."

ताजे नखुले तीन-चार मिनिटांत वर तरंगतात, म्हणून पेने बराचसा शिजल्यावरच ते त्यात सोडले. पत्नी आठला आली, तिने पोळपाटावर उरलेले चार नखुले पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि पर्स न ठेवताच आईशेजारी खाली बसली. ओव्हनचे दार उघडले तेव्हा चीजखालून साय कडेने उकळ्या काढत होती. आई एरवी रात्री दूध-पोळीवर असते. तिने एक कोपरा वाढून घेतला, वरचा खरपूस पापुद्रा दातांना झेपेना म्हणून नातीच्या ताटात टाकला, आणि आतले मऊ सगळे खाल्ले. मीठ कमी आहे, मटार कच्चे आहेत, आणि श्रीखंडात घालायचे जायफळ यात कशाला, असे तीन आक्षेप तिने नोंदवले. तिन्ही ग्राह्य होते; निदान पहिले दोन.

हात धुताना तिने विचारले, "ते लोक विणायच्या सुईवर करतात म्हणालास ना? पुढच्या बुधवारी सरगुंडे करू. इथे काड्या कुठे मिळायच्या."

गुरुवारी तासिका संपल्यावर आम्ही लक्ष्मी रस्त्याला जाऊन सुया आणल्या. सर्वांत बारीक द्या, म्हटले. दुकानदाराने दोन जोड्या पुढे ठेवल्या आणि लोकर कोणत्या रंगाची दाखवू असे विचारले.