अब्बांच्या खिशातला सातबारा

दौलताबादचा घाट चढताना अब्बा म्हणाले, "काच खाली कर, हवा बदलली." डोंगरमाथ्यावरच्या खुलताबादला जुनी माणसं अजून रौजाच म्हणतात. हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि हजरत झैनुद्दीन शिराजी यांच्या दर्गाहवर फातिहा पढून आम्ही बाहेर पडलो. बहुतेक लोक बादशहाची कबर बघून परत फिरतात. अब्बांना मात्र मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे जायचं होतं. त्यांचे वडील शेतसाऱ्याची गोष्ट निघाली की हे नाव घेत.

वाटेत चहाला थांबलो. शेजारच्या गृहस्थांनी चौकशी केली, "चाचा, मूळचे कुठले?"

"जालना जिल्हा."

"तसं नव्हे. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही तिथंच. चार एकर जिरायत आहे आमची," अब्बा भाबडेपणानं म्हणाले. त्यांना प्रश्न कळला नव्हता. मला कळला होता. रोज पन्नास मुलांना गप्प करणारी मी, पण तिथं तोंडातून शब्द फुटला नाही.

मकबऱ्यापाशी कुणी नव्हतं. घुमटाच्या सावलीत अब्बा गुडघे चोळत बसले. "तुझ्या शाळेच्या पुस्तकात काय लिहिलंय यांच्याबद्दल?" पुस्तकात थोडंच असतं. मी माहीत होतं ते सांगितलं. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली. शहाजीराजे त्याच्याबरोबर भातवडीला लढले, 1624 साली. आणि अब्बांच्या कामाची गोष्ट अशी की सारावसुलीचे मक्ते त्यानं बंद केले, जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवली आणि पिकेल तसा सारा बसवला. 1626 मध्ये तो वारला.

"म्हणजे हलक्या जमिनीला हलका सारा," अब्बा म्हणाले. माझ्या दहा वाक्यांचं त्यांनी एक केलं.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला सातबारा काढला. धाकटा भाऊ जमीन विकायची म्हणतो, पुढच्या जुमेरातीला घरात बैठक आहे. तेव्हापासून हा कागद त्यांच्या खिशातच असतो. "वाच," म्हणाले. वाचता वाचता माझ्यातली उर्दूची बाई जागी झाली. तालुका म्हणजे आपला तअल्लुका. जिरायत म्हणजे जिराअत. कब्जेदारातला कब्जा, पोटखराबातला खराब, खरीप, रब्बी, सगळे अरबीतून आलेले.

अब्बा खुदकन हसले. "म्हणजे जन्मभर मी अरबी बोलत होतो? आणि तिफण, वखर, कोळपं?"

"ते इथलंच."

"हां. कागद तिकडचा, औत इकडचं." त्यांनी घडी पुन्हा नीट घातली.

गावाच्या तटाला एक दरवाजा आहे, कुणबी आळीचा. बादशहानं तट बांधला, पण दरवाजाला नाव राहिलं नांगरधाऱ्यांच्या आळीचं. अब्बांना ते फार आवडलं. गाडीत बसेपर्यंत दोनदा म्हणून दाखवलं.

घाट उतरताना त्यांनी विचारलं, "तो चहावाला माणूस काय विचारत होता गं?"

"काही नाही अब्बा, गाव विचारत होता."

तेवढ्यात भावाचा फोन आला, बैठकीला नक्की येताय ना म्हणून. अब्बांनी फोन हातात घेतला नाही. मलाच म्हणाले, "सांग त्याला, बैठक पुढं ढकल. आधी हरभरा पेरायचाय."