भरती किती वाजता आहे?

आमच्या कुर्ल्याच्या चाळीत सगळे त्यांना वेधशाळेचे काका म्हणत. सांताक्रूझला निरीक्षक म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. गच्चीवर त्यांनी स्वतःचं पर्जन्यमापक बसवलं होतं. रोज सकाळी बरोबर साडेआठला ते साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, वाकून डोळा पातळीला आणायचे आणि आकडा वहीत लिहायचे. मी लहानपणी शेजारी उभी असायची.

“एक मिलिमीटर म्हणजे किती गं?” त्यांनी एकदा विचारलं. मला सांगता येईना. “एक चौरस मीटर जागेत एक लिटर. आपलं अंगण दोनशे चौरस मीटर धर. शंभर मिलिमीटर पडला तर वीस हजार लिटर. म्हणजे दोन मोठे टँकर. गटारातून ते जाईल कुठं, भरती असेल तर?” मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, आणि तेही ओहोटी असताना, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. चाळीच्या दाराशी एक फळा होता. पावसाळ्यात काका त्यावर रोज भरतीची वेळ लिहीत, साडेचार मीटरच्या वरची असेल तर लाल खडूने.

26 जुलै 2005. दुपारी आभाळ फाटलं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम 73. मुंबईत तेव्हा डॉपलर रडार नव्हतं. गच्चीवर काकांनी मोजपात्र भरून ओतलं, पुन्हा भरून ओतलं आणि तडक खाली आले. पहिलं दार आमचं वाजवलं. पाय मोडल्यामुळे आई पलंगावरच होती, मी कॉलेजात अडकले होते.

“वहिनी, मेन स्विच बंद करतो, तुम्हाला वर न्यायचंय. भरती आहे, मिठी नदी पाणी घेणार नाही.”

खुर्चीत बसवून त्यांनी आणि चाळीतल्या पोरांनी आईला दुसऱ्या मजल्यावर नेलं. मग तळमजल्याची एकेक खोली रिकामी केली. संध्याकाळी आमच्या घरात पाणी ओट्याच्या वर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत मी घरी पोहोचले, तर आई वरच्या जोशीकाकूंकडे चहा पीत बसलेली. माझी आई मला त्यानंतर पुष्कळ वर्षं लाभली. ती काकांमुळे.

त्यांनी कधी फुशारकी मारली नाही. “उद्या कुर्ल्यात पडेल की कुलाब्यात, हे आज छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही,” असं ते म्हणत. “पण ढग दिसायला लागल्यावर दोन-तीन तास मिळतात. ते वाया घालवायचे नाहीत.”

आता कुलाब्याला आणि वेरावलीला डॉपलर रडार आहेत, पुढच्या तीन तासांचा अंदाज मोबाईलवर येतो. 2020 पासून मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूरइशारा यंत्रणाही आहे. ती पाऊस, भरती आणि नदीनाल्यांचा एकत्र हिशेब मांडते. हे फार मोठं काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नुसता ‘ऑरेंज अलर्ट’ आमच्या तळमजल्यावरच्या भाजीवाल्या मावशींना तांदळाचा डबा कधी वर ठेवायचा ते सांगत नाही. तेवढं सांगणारं माणूस अजूनही लागतंच. काका गेल्यापासून फळा मी लिहिते, आणि जोर वाढला की तळमजल्यावर फिरून येते.

तुमच्या इमारतीत खाली कुणी आजारी, म्हातारं किंवा एकटं राहत असेल, तर त्यांचा मेन स्विच कुठे आहे आणि त्यांना वर कोण नेणार, हे पावसाळ्याआधीच ठरवून ठेवा. मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर 1916 आहे.