झोपेतला पहारा

आमच्या एका मावशीचे तीन महिन्यांचे बाळ झोपेत गेले. ‘तिनेच अंगाखाली घेतले असेल’, असे घर आयुष्यभर कुजबुजत राहिले. पुढे चाळिशीत आम्हांला मुलगी झाली, तेव्हा आम्ही दोघे रात्री आळीपाळीने तिच्या नाकाशी बोट धरून बसत असू. मराठी शिकवणाऱ्या आम्हांला ‘श्वास’ ही तोवर केवळ प्रतिमा होती.

त्या भयापोटीच वाचन झाले. पालथ्या बाळाचे तोंड अंथरुणात रुतले, की सोडलेलीच हवा ते पुन्हा घेते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. मस्तिष्कस्तंभातील सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशींना ते जाणवते; त्या श्वास वाढवतात, झोप मोडतात, बाळ मान वळवते. झोपेत अकस्मात दगावलेल्या अनेक अर्भकांत हीच यंत्रणा सदोष असल्याचे बॉस्टनच्या हॅना किनी यांच्या गटाने २००६ साली दाखवले. जागे करणारी हाकच कदाचित तिथे उमटत नसावी.

मुलीला आम्ही उताणेच निजवत आलो. मावशीच्या बाळाचे काय झाले, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण दोष तिचाच, असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नव्हता. हे तिला सांगायला मात्र आम्हांला उशीर झाला.